‘मिडल’ हा शब्द आणि मज्झिमा पटिपदा

मागील वर्षावासात कसाऱ्याच्या परिसरातील एका लहान विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन चालू होते. धम्मचक्रप्रवर्तनाचा भाग आला तेव्हा एका तरुणाने प्रश्न विचारला. हा तरुण रोज पहाटेच्या लोकलने कामावर जातो आणि रात्री परततो. तो म्हणाला, “इंग्रजीत ह्याला मिडल पाथ म्हणतात. मिडल म्हणजे अर्ध्यावरचा. आमच्याकडे रस्त्याचा, पाण्याचा, जागेचा वाद निघाला की मोठी माणसे आम्हांला सांगतात, थोडे तुम्ही सोडा, थोडे ते सोडतील, मध्यम मार्ग काढा. मग ते बुद्धाचेच सांगणे सांगतात असे समजायचे का? आणि धर्मांतर हा तर टोकाचा निर्णय होता. मग बाबासाहेब मधल्या मार्गाने गेले असे कसे म्हणायचे?”

त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर आमचेच आम्हांला अपुरे वाटले. प्रश्न एका शब्दाचा दिसतो. परंतु त्या शब्दाच्या आड उपासकाच्या आचरणाचा प्रश्न उभा आहे. म्हणून ‘मिडल’ हा इंग्रजी शब्द, त्याचे सोबती आणि त्यांनी झाकलेला पाली अर्थ यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

शब्दांचे कुळ

प्रथम हे ध्यानात घ्यावे की ‘मिडल’ हा शब्द आपल्याला परका नाही. इंग्रजी मिडल, लॅटिन मेदिउस, ग्रीक मेसोस, संस्कृत मध्य आणि पाली मज्झ ही एकाच कुळातील भावंडे आहेत. त्याचप्रमाणे इंग्रजी ‘एंड’ आणि आपला ‘अन्त’ हेही एकाच मुळाचे. आपल्या मराठीत मज्झ शब्द आजही घरात नांदतो. ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या खोलीला आपण माजघर म्हणतो. त्यातील ‘माज’ म्हणजे प्राकृतातील ‘मज्झ’. ज्या माजघरांत आमच्या पूर्वजांना पाऊल ठेवू दिले जात नव्हते, ज्यांच्या अंगणाबाहेर उभे राहून त्यांना हाक द्यावी लागे, त्या माजघरांचे नाव मात्र तथागतांच्या भाषेशी नाते सांगणारे आहे.

‘मिडल’चा सोबती ‘सेंटर’. ह्या शब्दाचे कुळ निराळे आहे. त्याचे मूळ ग्रीक ‘केन्त्रोन्’ म्हणजे टोचणी, अणकुचीदार टोक. वर्तुळ काढताना कंपासाचा जो पाय एका जागी रोवला जातो, त्या रोवलेल्या बिंदूस ग्रीकांनी हे नाव दिले. ज्योतिषगणिताच्या देवाणघेवाणीत तो शब्द भारतात आला आणि संस्कृतात ‘केन्द्र’ झाला. आज आपण ‘केंद्र’ हा शब्द अस्सल देशी समजून वापरतो. वस्तुतः तो यवनांकडून आलेला आहे. हेच यवन आपल्या लेण्यांचे दातेही होते. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील एक लेणे दत्तामित्रीच्या यवन धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने कोरविले, असे तेथील शिलालेख सांगतो.

तात्पर्य, दोन शब्दांत दोन कल्पना आहेत. केंद्र ही रोवलेली जागा आहे. तिच्यापासून बाकीचे मोजावयाचे. मध्य ही दोन टोकांच्या आधाराने ठरणारी जागा आहे. टोके हलली की तीही हलते. इंग्रजी राजवटीनंतर मराठीत ह्या दोन कल्पनांची सरमिसळ झाली. ‘सेंट्रल’ ह्या एकाच विशेषणाचे भाषांतर सरकारच्या बाबतीत ‘केंद्र’ झाले आणि रेल्वेच्या बाबतीत ‘मध्य’ झाले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी स्थापन झालेल्या मध्य रेल्वेचे कसारा हे स्थानक. मुंबईहून सुमारे १२१ किलोमीटर. मुंबईच्या लोकलने येणाऱ्यास ते शेवटचे स्थानक वाटते. नाशिककडे जाणाऱ्यास ते वाटेतले, मधले स्थानक. घाट चढणाऱ्यास ती सुरुवात. स्थानक एकच, टोके कोणती धरली यावर त्याचे नाव ठरते. ‘मिडल’ ह्या शब्दाचा दुबळेपणा येथेच आहे. टोके कोणी ठरविली हे तो सांगत नाही.

‘मिडल पाथ’ कसा आला

१८८१ साली ‘पूर्वेकडील पवित्र ग्रंथ’ या इंग्रजी मालेत ऱ्हीस डेव्हिड्स यांची पाली सुत्तांची भाषांतरे प्रसिद्ध झाली. त्यांत पहिल्या प्रवचनातील ‘मज्झिमा पटिपदा’ इंग्रजीत ‘मिडल पाथ’ झाली. भाषांतर चुकीचे नव्हते. शब्दास शब्द बरोबर होता. पण इंग्रजी वाचकाच्या मनात त्या शब्दाभोवती आधीच काही संस्कार होते. ‘मधला मार्ग’ म्हणजे दोन पक्षांना मान्य होईल अशी सोयीची वाट, हा त्यांच्या राजकारणातला नित्याचा अर्थ. ‘मधला वर्ग’, ‘मधले वय’, ‘मधली किंमत’ या सर्वांत कमी-अधिकाच्या मधोमध असणे हाच भाव. इंग्रजीतून शिकलेल्या आपल्या लोकांनी तो भाव मराठीत आणला आणि ‘मध्यम मार्ग काढणे’ म्हणजे तडजोड करणे, असा वाक्प्रचार रूढ झाला.

अशीच गत ‘मध्यस्थ’ शब्दाची झाली. पालीत ‘मज्झत्त’ म्हणजे उपेक्षावान, राग-द्वेषाने न कलंडणारे चित्त. तो चार ब्रह्मविहारांपैकी चौथ्याचा भाव आहे. मराठीत मध्यस्थ म्हणजे दोघांत बोलणी घडवून आणणारा, प्रसंगी दोन्हीकडून दलाली घेणारा. शब्द तोच, चित्ताची अवस्था गेली आणि व्यवहार उरला.

युरोपातही विचारवंतांना हा धोका ठाऊक होता. ॲरिस्टॉटलने सद्गुण हा दोन दोषांच्या मध्ये असतो असे म्हटले. पण त्यानेच बजावले की हा मध्य गणिताचा नव्हे. दहा फार आणि दोन थोडे म्हणून सर्वांनी सहा खावे असे होत नाही. पहिलवानाला लागते ते नवशिक्याला लागत नाही. म्हणजे ‘मध्य’ म्हणजे सरासरी नव्हे, हे ग्रीकांनाही मान्य होते. तथागतांचे सांगणे याहून पुढचे आहे.

पहिल्या प्रवचनात दोन अन्त सांगितले आहेत. एक कामसुखात रमणे, दुसरा देहाला क्लेश देणे. ह्या दोहोंसंबंधी पालीत जे क्रियापद येते ते महत्त्वाचे आहे: ‘अनुपगम्म’, म्हणजे जवळ न जाता. दोन्ही टोकांतून थोडेथोडे घेऊन मार्ग तयार केलेला नाही. अर्धे सुख आणि अर्धा क्लेश मिळून अष्टांगिक मार्ग होत नाही. सम्यक दृष्टी ही दोन मिथ्या दृष्टींची सरासरी नाही. सम्यक वाचा म्हणजे अर्धे खरे बोलणे नव्हे. दोन्ही टोके ज्या गृहीतकावर उभी आहेत, ते गृहीतकच तथागतांनी सोडून दिले. सुखवादी आणि तपस्वी दोघेही आपापल्या देहातच गुंतलेले होते. एक त्याला लाडावीत होता, दुसरा छळीत होता. माणसाच्या दुःखाचे कारण आणि त्याचा निरोध यांच्याकडे दोघांचेही लक्ष नव्हते.

मज्झिमदेस आणि आपला सीमेवरचा प्रदेश

पालीत ‘मज्झिम’ शब्द आणखी दोन ठिकाणी प्रसिद्ध आहे. मज्झिमनिकाय हे १५२ सुत्तांच्या संग्रहाचे नाव. तेथे मज्झिम म्हणजे आकाराने मध्यम, फार दीर्घ नाही आणि फार लहान नाही. दुसरा वापर भूगोलाचा, मज्झिमदेस. विनयाच्या महावग्गात त्याच्या सीमा दिल्या आहेत: पूर्वेस कजंगल, दक्षिणेस सेतकण्णिक, पश्चिमेस थूण, उत्तरेस उसीरद्धज पर्वत. त्या सीमेबाहेरचा तो ‘पच्चन्तिम’ म्हणजे सीमेवरचा प्रदेश.

आपला प्रदेश त्या मध्यात नव्हता. सोपारा, कल्याण, थळ घाट, नाशिक हा सारा भाग पच्चन्तिमच होता. मध्यदेशीचे लोक श्रेष्ठ आणि सीमेवरचे हीन, असे मानणे ब्राह्मणी परंपरेला सोयीचे होते. तथागतांनी काय केले? अवन्तीच्या दक्षिणेकडील मुलखात सोण कुटिकण्ण या तरुणाला उपसंपदा मिळण्यास तीन वर्षे लागली, कारण नियमाप्रमाणे लागणारे दहा भिक्षू तेथे जमत नव्हते. त्याचे गुरू महाकच्चान यांनी ही अडचण त्याच्या हाती तथागतांकडे पाठविली. तथागतांनी सीमेवरच्या प्रदेशांसाठी नियम बदलला. विनयधरासह पाच भिक्षू पुरेत. तेथील जमीन कठीण, गुरांच्या खुरांनी तुडवलेली. म्हणून जाड तळाची पादत्राणे चालतील. तेथील लोकांना वारंवार स्नानाची सवय. म्हणून वारंवार स्नान चालेल.

धम्मबांधवांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. मध्यदेशाचा नियम सर्वांवर लादला नाही. मध्यदेश आणि सीमा यांच्या मध्ये एखादी साडेसात भिक्षूंची तडजोडही काढली नाही. सीमेवरच्या माणसाची अडचण पाहिली आणि त्या माणसाला धम्म मिळावा यासाठी नियम वाकविला. भूगोलाचा मध्य गंगेकाठी राहिला. निर्णयाचा आधार मात्र कठीण जमिनीवर चालणारा माणूस ठरला.

त्यानंतर हा सीमेवरचा प्रदेश धम्माचा झाला. सुनापरान्तात धम्म घेऊन जाणाऱ्या पुण्ण थेराची कथा परंपरा सोपाऱ्याशी जोडते. सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. विहारासाठी म्हणजे मौजेसाठी काढावयाच्या यात्रा सोडून राजाने धम्मयात्रा सुरू केल्याचे ज्यात नोंदले आहे, तोच हा लेख. सोपारा-कल्याणहून नाशिककडे जाणारा जुना व्यापारी मार्ग थळ घाटाने चढत असे. मुरबाडच्या बाजूने दुसरा मार्ग नाणेघाटातून जुन्नरकडे जाई. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने वाटसरूंसाठी बांधलेल्या निवाऱ्यांचा उल्लेख आहे. शूर्पारक म्हणजे सोपारा, गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचे. कसाऱ्याची चढण ह्या दोन ठिकाणांच्या दरम्यान आहे. मध्यदेशाबाहेरचा हा मुलूख अशा रीतीने धम्माच्या वाटेवर मध्यभागी आला.

दुसरा सोण

विनयाच्या त्याच चम्मक्खन्धकात दुसऱ्या एका सोणाची कथा आहे. सोण कोळिविस हा चंपेचा, अत्यंत सुखात वाढलेला. प्रव्रज्येनंतर त्याने इतके कठोर चंक्रमण केले की पाय फुटून वाट रक्ताने भरली. तरी फळ दिसेना. तेव्हा घरी परत जाऊन संपत्तीचा उपभोग घ्यावा आणि पुण्य करावे, असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला तो गृहस्थ असताना वाजवीत असलेल्या वीणेची आठवण दिली. तारा फार ताणल्या तर स्वर नीट निघत नाही, फार सैल असल्या तरी निघत नाही. त्या योग्य स्वराला लावाव्या लागतात.

ह्या दृष्टान्ताचा अर्थ ‘अर्धी ताण’ असा लावणे चूक आहे. वीणा जुळविणारा तारेच्या ताणाचे माप घेऊन त्याचे दोन भाग करीत नाही. तो स्वर ऐकतो. प्रत्येक तारेचा योग्य ताण वेगळा असतो. सोणाने वीर्य अर्धे करावे असे तथागत सांगत नाहीत. वीर्याची समता साधावी असे सांगतात. मज्झिमा पटिपदेतील ‘मज्झिम’चा अर्थ येथे स्पष्ट होतो. तो अचूकपणाचा मध्य आहे, सोयीचा नव्हे.

रथाची दोरी

आता तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. तडजोडीस ‘मध्यम मार्ग’ म्हटले की काय घडते, याचा धडा आमच्या समाजाने नाशिकास घेतला आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रहींचे नेतृत्व परमपूज्य बाबासाहेबांकडे होते आणि स्थानिक धुरा कर्मवीर दादासाहेब गायकवाड वाहत होते. मंदिराचे दरवाजे बंद झाले. ९ एप्रिल हा रामाच्या रथाचा दिवस. त्या दिवशी दोन्ही बाजूंत समेट झाला: मंदिरप्रवेशाचा प्रश्न बाजूस ठेवून रथ तरी स्पृश्य-अस्पृश्यांनी मिळून ओढावा. दार नाही, पण दोरी. हा शब्दशः मधला मार्ग होता. प्रत्यक्षात आमच्या माणसांचा हात दोरीस लागण्यापूर्वीच रथ पळविण्यात आला आणि आमच्या लोकांवर दगडांचा वर्षाव झाला.

हा मधला मार्ग का मोडला? त्यात टोके कोणी ठरविली होती ते पाहावे. एका टोकाला माणसाचा समान अधिकार, दुसऱ्या टोकाला त्या अधिकाराचा संपूर्ण नकार. ह्या दोहोंचा मध्य काढला की उरतो तो अर्धा नकार. ज्याच्या हाती दार आहे त्याचे काहीच जात नाही; ज्याच्या हाती काहीच नाही त्याने मात्र अर्धे सोडावयाचे. अशा मध्याचे केंद्र सत्ताधाऱ्याच्या अंगणात रोवलेले असते.

बाबासाहेबांनी कधी तडजोड केलीच नाही, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. २४ सप्टेंबर १९३२च्या पुणे कराराने प्रांतिक विधिमंडळांत ७१ ऐवजी १४८ जागा मिळाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. गांधीजींच्या प्राणांतिक उपोषणाच्या दडपणाखाली ती सही झाली. पुढे त्या कराराच्या परिणामांची परखड चिकित्सा त्यांनी स्वतःच १९४५च्या आपल्या ग्रंथात केली. म्हणजे तडजोड ही प्रसंगी करावी लागणारी राजकीय गोष्ट आहे, हे ते जाणत होते. परंतु तिला त्यांनी धम्माचे नाव दिले नाही. ३ मार्च १९३४ रोजी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट केले की सत्याग्रह मूर्तिपूजेच्या हव्यासापोटी नव्हता, समाजात चैतन्य आणण्याचे ते साधन होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. दार की दोरी, हा प्रश्नच तेथे संपला. पुजाऱ्याचे दार उघडून घेणे आणि दारापुढे निमूट उभे राहणे या दोहोंच्याही जवळ न जाता त्यांनी तिसरी वाट धरली. ‘अनुपगम्म’ ह्या पाली शब्दाचा आधुनिक भारतातील याहून स्पष्ट अर्थ आम्हांला दिसत नाही.

केंद्र आणि मार्ग

१९०७ साली मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या भीमरावास कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. तेथून १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथापर्यंतचा प्रवास पन्नास वर्षांचा आहे. इंग्रजीत लिहिलेल्या त्या ग्रंथात पहिल्या प्रवचनाची मांडणी करताना बाबासाहेबांनी ‘मिडल’ आणि ‘सेंटर’ या दोन्ही कल्पना जवळजवळ ठेवल्या आहेत, हे आमच्या वाचकांनी मुद्दाम पाहावे. मार्ग मधला, पण धम्माचे केंद्र माणूस, आणि माणसाचे माणसाशी असलेले नाते. केंद्र प्रथम रोवले जाते, मार्ग त्यापासून मोजला जातो. माणूस केंद्रस्थानी ठेवल्यावर जे दोन अन्त दिसतात त्यांचा मध्य निराळा. जात, देव किंवा सत्ता केंद्रस्थानी ठेवल्यावर दिसणाऱ्या टोकांचा मध्य निराळा. म्हणून ‘मध्यम मार्ग काढा’ असे कोणी सुचविले तर उपासकाने प्रथम विचारावे, केंद्र कोठे रोवले आहे? त्यात माणूस उभा असेल तर समेट करावा, चार पावले मागेही यावे. नसेल तर तो मार्ग दोन टोकांच्या मधला असूनही मज्झिमा पटिपदा नव्हे.

धर्मांतर हा टोकाचा निर्णय होता का, याचे उत्तरही येथेच आहे. दास्य स्वीकारून राहणे हे एक टोक. सूडाने पेटून रक्तपात करणे हे दुसरे. लाखो माणसांना घेऊन पंचशीलाकडे जाणे ह्या दोन्ही टोकांपासून दूर होते. जे आमच्या दास्यालाच मध्य समजत होते, त्यांनाच ते टोक वाटले.

१४ ऑक्टोबर १९५६च्या दीक्षेसाठी मुंबईहून नागपूरला निघालेल्या गाड्या ह्याच कसाऱ्याचा घाट चढून गेल्या. १ जानेवारी १८६५ रोजी खुला झालेला हा लोहमार्ग ३७ फुटांस एक फूट चढतो. एका इंजिनाचे बळ पुरत नाही म्हणून कसाऱ्यास मागून इंजिने जोडावी लागतात. पूर्वी ह्या घाटाच्या मधल्या टप्प्यात गाडी थांबे, इंजिन एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकास लावीत, आणि गाडी दिशा बदलून पुन्हा वर चढू लागे. मार्गाची फेररचना झाल्यावर ते स्थान बंद झाले. मधला टप्पा म्हणजे चढण अर्धी सोडून देण्याची जागा नव्हती. दिशा बदलून तीच चढण पुढे नेण्याची ती जागा होती. मध्य रेल्वेने निघालेली ती माणसे ज्या नागपुरास उतरली, ते त्या दिवशी मध्यप्रदेशाच्या राजधानीचे शहर होते. ते मुंबई राज्यात आले १ नोव्हेंबर १९५६ रोजी. नकाशावरचा मध्य अठरा दिवसांत बदलला. दीक्षाभूमीवर स्वीकारलेल्या मार्गाचे केंद्र मात्र रोवलेले आहे, आणि ते तसेच ठेवणे ही आता आमची आणि त्या पहाटेच्या लोकलने जाणाऱ्या तरुणाची जबाबदारी आहे.